पहाटे तीनला हटवण्याचा आदेश आला तर: सोलापूरच्या छोट्या होस्टिंगवाल्यांसाठी

होटगी रोडपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत, वेबसाइट बनवून देणारे आणि ती आपल्याच भाड्याच्या सर्व्हरवर ठेवणारे सोलापुरात बरेच जण आहेत. एकाच व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर) टॉवेल निर्यातदाराची साइट, शेजारी एक शाळा, एक मंगल कार्यालय, वधू-वर सूचक मंडळ आणि एखादं स्थानिक बातम्यांचं पोर्टल. असल्या संसारात दहशतवादी मजकूर येणार कुठून आणि तो हटवण्याचा सरकारी आदेश आपल्याला कशाला येईल, असं वाटणं साहजिक आहे.

तो मागच्या दाराने येतो. वर्षानुवर्षं अपडेट न केलेली वर्डप्रेस, लॉगिनशिवाय फाइल चढवू देणारा अर्जाचा फॉर्म, मालकालाही आठवत नसलेलं एखादं चर्चापीठ. प्रचार करणाऱ्याला प्रसिद्ध साइट नको असते, त्याला टिकणारी लिंक हवी असते. लिंक मोठ्या मंचांवर फिरवायची आणि फाइल कुणाचं लक्ष नसलेल्या छोट्या जागी ठेवायची, ही जुनी रीत आहे. पोलंडमधली ‘जस्टपेस्ट.इट’ ही सेवा एक तरुण जवळजवळ एकट्याने चालवत होता. २०१४ च्या सुमारास आयसिसच्या प्रचारकांनी तीच उचलली आणि त्याच्या मेलबॉक्सवर परदेशी पोलिसांची पत्रं यायला लागली.

अशा वेळी हात थरथरतात आणि माणूस डिलीट दाबतो. या लेखात मुख्यतः सांगायचंय ते हेच, की हटवणं (लोकांना दिसणं थांबवणं) आणि पुसून टाकणं (प्रतच नष्ट करणं) ही दोन वेगळी कामं आहेत. कायद्याला पहिलं तातडीने हवं असतं, दुसरं नको असतं.

पहिली पायरी: कुठला कायदा आपल्या दारात आहे ते ठरवा

भारतात उत्तर सोपं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या ‘मध्यस्थ’ या व्याख्येत वेब होस्टिंग सेवा नाव घेऊन लिहिली आहे, सायबर कॅफेसुद्धा. कंपनी नोंदवलेली आहे की दोन मित्र मिळून चालवताय, याने फरक पडत नाही. कलम ७९ तुम्हाला ग्राहकाच्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण देतं, पण अटींवर. योग्य आदेश मिळूनही मजकूर तसाच ठेवला तर ते संरक्षण जातं. कलम ६९अ खालचा ब्लॉकिंगचा आदेश याहून कडक आहे. तो पाळला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

युरोपचं प्रकरण जरा वेगळं. युरोपीय संघाचा नियम २०२१/७८४ हा ७ जून २०२२ पासून लागू आहे. त्यात सक्षम अधिकाऱ्याचा आदेश मिळाल्यापासून एका तासात मजकूर काढावा लागतो, किंवा संघातल्या सगळ्या देशांत तो दिसणं बंद करावं लागतं. सेवा कुठल्या देशात नोंदवली आहे याला महत्त्व नाही, ती युरोपातल्या लोकांना दिली जाते का, हे पाहतात. नुसती साइट तिकडून उघडते एवढ्याने भागत नाही. तिथे लक्षणीय संख्येने वापरकर्ते असावे लागतात, किंवा सेवा त्या बाजाराकडे वळवलेली असावी लागते.

निर्यातदारांना इथे हमखास गैरसमज होतो. जर्मनीला टॉवेल पाठवणाऱ्याची स्वतःची कॅटलॉग साइट म्हणजे होस्टिंग सेवा नव्हे, कारण तिथे तो स्वतःचा माल दाखवतो. दुसऱ्यांनी दिलेला मजकूर साठवून जगाला दाखवला की नियमाचा संबंध येतो. खासगी निरोप आणि ईमेल त्यातून वगळलेले आहेत. डोमेन नोंदणी, डीएनएस असल्या सेवाही बाहेर आहेत. तेव्हा ग्राहकांची यादी काढा आणि प्रत्येक साइटपुढे एकच प्रश्न लिहा: इथे तिऱ्हाईत माणूस काही चढवू शकतो का? ‘हो’ उत्तर आलेल्या साइटच तुमचं खरं काम. बहुतेकांच्या यादीत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतील.

दुसरी पायरी: फोन कोण उचलणार

युरोपात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे तीन असतात. एका तासाची मुदत आदेश मिळाल्यापासून मोजली जाते, तुम्ही जागे झाल्यापासून नव्हे. दिलासा एवढाच की त्या अधिकाऱ्याचा तुम्हाला हा पहिलाच आदेश असेल तर त्याने निदान १२ तास आधी कार्यपद्धती आणि मुदतीची माहिती पाठवायची असते. अतितातडीच्या प्रकरणांना ही सवलत नाही. म्हणजे ती पहिली मेल हीच घंटा. ती स्पॅममध्ये पडून राहिली की खेळ संपला.

म्हणून गैरवापराच्या तक्रारींसाठी वेगळा मेल पत्ता ठेवा. त्यावर आलेली प्रत्येक मेल दोन माणसांच्या फोनवर वाजली पाहिजे. स्पॅम गाळणी त्या पत्त्यापुरती सैल करा. कचरा येईल, येऊ द्या. भारतीय नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक द्यावा लागतो. युरोपसाठी संपर्कबिंदू जाहीर करावा लागतो, कुठल्या भाषेत पत्रव्यवहार चालेल ते सांगावं लागतं आणि तिथे कार्यालय नसेल तर एखाद्या सदस्य देशात कायदेशीर प्रतिनिधी लेखी नेमावा लागतो. प्रतिनिधी नेमण्याचा खर्च छोट्याला झेपणारा नाही. मग युरोपी वापरकर्त्यांसाठी खुली नोंदणी ठेवण्याची गरज आहे का, याचाच विचार आधी करा. मला तरी बहुतेकांच्या बाबतीत ती गरज दिसत नाही.

रात्रीच्या माणसाला अधिकारही हवा. मालकाला विचारल्याशिवाय एखादी फाइल बंद करायची मुभा त्याला लेखी देऊन ठेवा. आणि लाईट गेली, ऑफिसचं नेट बंद पडलं, तरी मोबाइलवरून सर्व्हरपर्यंत पोहोचता येतं का, हे एकदा करून बघा.

तिसरी पायरी: एक फाइल बंद करता येते का ते आजच तपासा

बहुतेकांकडे ग्राहकाचं अख्खं खातं निलंबित करायचं बटण असतं, एक यूआरएल (एका पानाचा किंवा फाइलचा वेबपत्ता) बंद करायची सोय नसते. एका खोलीला कुलूप लावायचंय आणि हातात वाड्याच्या दिंडीचीच किल्ली, अशी गत. मग एका पीडीएफसाठी शाळेचा निकाल बंद पडतो.

हे फक्त छोट्यांचं होतं असं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयसिसशी संबंधित मजकुराच्या कारणावरून भारतात ३२ ठिकाणं रोखण्याचा आदेश निघाला, मुंबईच्या एटीएसच्या (दहशतवादविरोधी पथकाच्या) विनंतीवरून. त्या यादीत गिटहब, व्हिमिओ, पेस्टबिन आणि इंटरनेट अर्काइव्ह होते. देशभरातल्या प्रोग्रामरांचं काम अडलं, बोंबाबोंब झाली आणि काही साइट पुन्हा उघडाव्या लागल्या. आदेशाने नेमकं बोट दाखवलं असेल तर तेवढंच बंद करण्याची तांत्रिक तयारी आपल्याकडे हवी.

एका फाइलला किती तोंडं असतात ते मोजा. वर्डप्रेस एका चित्राच्या लहान-मोठ्या अनेक प्रती स्वतःच बनवते. सर्व्हरवरून फक्त मूळ फाइल काढली तरी त्या राहतात. सीडीएन (साइटच्या प्रती जगभरच्या सर्व्हरांवर ठेवणारी सेवा) लावलेलं असेल तर तिथली साठवलेली प्रत तुमच्या सर्व्हरवर काहीही केलं तरी काही काळ दिसतच राहते. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये आवृत्त्या जपण्याची सोय चालू असेल तर ‘डिलीट’नंतरही जुनी आवृत्ती शिल्लक असते. आणि सगळ्यात फसवा म्हणजे बॅकअप. महिन्याभराने ग्राहक म्हणतो, ‘साइट बिघडली, जुना बॅकअप टाका’, आपण टाकतो, आणि तीच फाइल पुन्हा जगासमोर. बंद केलेल्या यूआरएलची यादी म्हणून वेब सर्व्हरच्या पातळीवर ठेवा, साइटच्या फोल्डरात नव्हे. म्हणजे बॅकअप परत चढवला तरी दार बंदच राहतं. कायदेशीर कारणाने मजकूर उपलब्ध नाही असं सांगणारा ४५१ हा प्रतिसाद त्यासाठीच आहे.

तुम्ही दुसऱ्या मोठ्या कंपनीचा सर्व्हर पुनर्विक्रीला घेतला असेल तर आणखी एक धोका. तक्रार थेट त्यांच्याकडे गेली आणि तुमचं उत्तर वेळेत पोहोचलं नाही, तर ते तुमचा पूर्ण व्हीपीएस बंद करतात. त्यांच्या गैरवापर विभागाला उत्तर कुठून आणि किती वेळात द्यायचं, हे करारात वाचून ठेवा.

चौथी पायरी: आदेश खरा आहे का

डिजिटल अरेस्टच्या जमान्यात पोलिसांच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक मेलवर उडी मारायची नाही. पाठवणाऱ्याचं डोमेन सरकारी आहे का बघा. मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, त्या कार्यालयाचा नंबर अधिकृत साइटवरून वेगळा शोधा आणि त्यावर खात्री करा. मेलमधली संलग्न फाइल उघडण्याआधी ती सर्व्हरच्या पासवर्डांपासून दूर असलेल्या मशीनवर न्या. पैसे मागितले, किंवा ‘व्हिडिओ कॉलवर या’ म्हटलं, तर तो आदेश नव्हे.

खऱ्या आदेशात काय असतं? युरोपच्या आदेशाचा नमुना नियमातच जोडलेला आहे: देणारा अधिकारी, कायद्याचा आधार, कारणं, नेमका यूआरएल, तारीख-वेळ, इलेक्ट्रॉनिक सही आणि दाद कुठे मागायची ते. उघड चूक असेल किंवा माहिती अपुरी असेल तर लगेच तसं कळवायचं. खुलासा मिळाला की मग मुदत सुरू होते. तांत्रिकदृष्ट्या अशक्य असेल तर तेही विनाविलंब कळवायचं. गप्प बसणं मात्र कुठेच माफ नाही. वारंवार किंवा पद्धतशीर हयगय करणाऱ्याला जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या चुकीला तो लागत नाही, आणि दंड ठरवताना कंपनीचा आकारही बघायचा असतो.

आपल्याकडे २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कलम ७९ खाली मध्यस्थाला ‘प्रत्यक्ष माहिती’ झाली असं न्यायालयाच्या आदेशाने किंवा सरकारच्या सूचनेनेच म्हणता येतं, कुणाही माणसाच्या तक्रारीने नाही. १५ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या दुरुस्तीने सरकारी सूचना कोण देऊ शकतो तेही बांधलं गेलं: साधारणपणे सहसचिव दर्जाचा अधिकारी, पोलिसांकडून असेल तर खास अधिकार दिलेला किमान उपमहानिरीक्षक दर्जाचा अधिकारी. सूचनेत कायद्याचा आधार, कृत्याचं स्वरूप आणि नेमका यूआरएल हवा. ‘सहयोग’ या केंद्रीय पोर्टलवरून या सूचना जातात. त्याला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. मुदत आधी ३६ तासांची होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती ३ तासांवर आली. म्हणजे ‘एक तास हे युरोपचं झेंगट, आपल्याकडे दीड दिवस आहे’ हे जुनं गणित आता विसरायचं.

स्थानिक पोलीस ठाण्यातून साहेबांचा फोन आला, ‘ते काढून टाका ओ लगेच’, तर काय? फोन हा वरच्या अर्थाने आदेश नाही. पण भांडायचंही कारण नाही. लेखी मागा, विषय टिपून घ्या आणि ती फाइल व लॉग (सर्व्हरवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी) तेवढ्यात जपून ठेवा. मजकूर तुमच्या स्वतःच्या वापर-अटी उघड मोडत असेल तर त्या अटींखाली तुम्ही तो स्वतःहून बंद करू शकता, त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालची नोटीस वेगळी. ती कागदपत्रं हजर करण्यासाठी असते, हटवण्यासाठी नाही. दोन्हींची फाइल वेगळी ठेवा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष हटवताना

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून इथे यादीच देतो.

१. आदेश मिळाल्याची वेळ लिहा, भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दोन्ही. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं आणि साडेपाच तासांचा घोळ पुढे कोर्टात महागात पडतो.
२. फाइलची प्रत वेगळ्या, बाहेरून न दिसणाऱ्या जागी घ्या. तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढून नोंदवा.
३. त्या फाइलशी संबंधित लॉग आणि चढवणाऱ्या खात्याची माहिती उचला. लॉग आठवड्याने आपोआप पुसले जात असतील तर हे आत्ताच.
४. यूआरएल बंद करा, लहान आकाराच्या प्रतींसकट. मग सीडीएनची साठवण रिकामी करा.
५. ऑफिसच्या नेटवरून नव्हे, मोबाइल डेटावरून उघडून बघा.
६. त्याच हॅशची फाइल सर्व्हरवर आणखी कुठे आहे का शोधा.
७. वेळेसह लेखी उत्तर पाठवा. युरोपच्या नियमात उत्तराचाही नमुना आहे.

यादीतलं दुसरं आणि तिसरं मिळून काही मिनिटांचंच काम आहे. फाइल प्रचंड मोठी असेल आणि घड्याळ धावत असेल, तर आधी फक्त तिच्या परवानग्या काढून बाहेरचं वाचन थांबवा. फाइल जागेवरच राहते, प्रत नंतर निवांत घेता येते.

एवढी घाई कशाला, असं वाटत असेल तर १५ मार्च २०१९ ची न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चची घटना आठवा. हल्लेखोराने मशिदीवरचा हल्ला फेसबुकवर थेट दाखवला. थेट पाहणारे दोनशेहून कमी होते. नंतरच्या २४ तासांत फेसबुकने त्याच्या १५ लाख प्रती काढल्या, त्यातल्या १२ लाख चढवतानाच अडवल्या. एका तासाचा आग्रह कशासाठी, ते यावरून कळतं.

ती फाइल वकिलाला किंवा मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघ काय आलंय’ म्हणून पाठवू नका. पाठवणारे तुम्ही, प्रसार तुमचा. वकिलाला यूआरएल, हॅश आणि वर्णन पुरतं. ज्याला फाइल बघावीच लागेल त्याने आवाज बंद करून, लहान आकारात, कृष्णधवल करून बघावी. सतत असलं बघणाऱ्यावर परिणाम होतो, तेव्हा हे काम एकाच पोराच्या गळ्यात बांधू नका.

सहावी पायरी: जपणं

भारतीय नियमांत हटवलेली माहिती आणि संबंधित नोंदी १८० दिवस, पुराव्याला धक्का न लावता जपायच्या आहेत. न्यायालय किंवा तपास यंत्रणेने सांगितलं तर अधिक काळ. युरोपात मुदत सहा महिने. म्हणजे व्यवहारात एकच पद्धत दोन्हीकडे चालते. एन्क्रिप्ट केलेली प्रत, दोघांनाच किल्ली, कुणी कधी उघडली त्याची वही. मुदत संपल्यावर मात्र पुसायचं, आणि पुसल्याचीही नोंद ठेवायची. उगाच संग्रह करणं अंगाशी येतं.

पुढे हीच प्रत कोर्टात गेली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. पाचव्या पायरीत हॅश काढला नसेल तर ती जागा कशाने भरणार?

साइट हॅक होऊन फाइल चढली असेल तर आणखी एक घड्याळ सुरू होतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लॉग १८० दिवस ठेवण्याचं बंधनही त्याच निर्देशांत आहे. आणि मजकुरावरून कुणाच्या जिवाला तात्काळ धोका दिसत असेल, म्हणजे अमुक ठिकाणी, अमुक वेळी, तर आदेश-नोटिशीचा विचार नंतर, आधी ११२.

सातवी पायरी: ग्राहकाला काय सांगायचं

ज्याचा मजकूर काढला त्याला कारण आणि दाद मागण्याची वाट सांगणं हा नियम, न सांगणं हा अपवाद. युरोपात तपासासाठी अधिकारी सहा आठवडे गुप्तता सांगू शकतो, आणखी सहा आठवडे वाढवू शकतो. आपल्याकडे ६९अ खालच्या कार्यवाहीला गुप्ततेचा नियम आहे. तेव्हा आदेशाचा स्क्रीनशॉट गावातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर टाकून सल्ला मागायचा मोह आवरा.

आदेश चुकीचा वाटला तरी आधी पाळा, मग लढा. युरोपात आदेश देणाऱ्या देशाच्या न्यायालयात आव्हान देता येतं. सीमेपलीकडच्या (दुसऱ्या सदस्य देशाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या) आदेशाची छाननी मागायची तर ४८ तासांत मागावी लागते, आणि अधिकाऱ्याला ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो. आपल्याकडे वाट उच्च न्यायालयाची.

आदेश नसताना

हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. कुणी वाचकाने तक्रार केली, किंवा तुम्हीच काही पाहिलं. ठरवायचं कसं? युरोपच्या व्याख्येचा इथेही उपयोग होतो: हल्ल्याला चिथावणी, संघटनेत भरतीचं आवाहन, स्फोटकं बनवण्याची शिकवणी, हल्ल्याची धमकी. शिक्षण, पत्रकारिता, कला, संशोधन यांसाठीचा मजकूर त्यातून वगळलेला आहे. बातमीत हल्ल्याचं छायाचित्र आहे म्हणून पोर्टलची बातमी काढायची नसते. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने सीरियातल्या युद्धाचे असंख्य व्हिडिओ काढले, त्यांत अत्याचारांचे पुरावे गोळा करणाऱ्यांची चॅनलंही गेली.

शब्दांची यादी टाकून गाळणी लावायचा सल्ला कुणी दिला तर सोलापूरकरांनी जरा हसावं. चार हुतात्मा चौक, हुतात्मा स्मृती मंदिर, हुतात्मा एक्स्प्रेस. शिवाय १९३० च्या मार्शल लॉवर आणि १२ जानेवारी १९३१ च्या चार हुतात्म्यांच्या फाशीवर लिहिणारी प्रत्येक शाळा. यांत्रिक गाळणीला यात काय दिसेल? मेटाने ‘शहीद’ शब्दावर सरसकट कात्री लावली होती. तिच्याच देखरेख मंडळाने मार्च २०२४ मध्ये ती थांबवायला सांगितलं. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि दखनी एकाच चौकात ऐकू येतात. उर्दू लिपी दिसली म्हणून संशय घेणाऱ्याला या कामावर बसवू नका. ती भाषा येणारा माणूस हाताशी ठेवा, शास्त्री नगरात नाहीतर विद्यापीठात तो सहज मिळेल.

सगळ्या ग्राहकांच्या सगळ्या फायलींवर सतत पहारा ठेवा, असं युरोपचा नियमही म्हणत नाही. बारा महिन्यांत दोन किंवा अधिक अंतिम आदेश आले आणि अधिकाऱ्याने तसं ठरवलं, तरच खास उपाययोजना करावी लागते. छोट्याने पैसे खर्चायचेच तर ते गाळणीवर नको, उघडे फॉर्म बंद करण्यावर आणि वर्डप्रेस अपडेट करण्यावर खर्चावेत. नव्या खात्याची फाइल पहिले २४ तास सार्वजनिक होणार नाही, एवढा एक बदलसुद्धा बराचसा उपद्रव थांबवतो.

तालीम घ्यायची ती निरुपद्रवी फाइलवर, मांजराच्या चित्रावर घ्या. दुसऱ्या नंबरच्या माणसाला न सांगता रात्री खोटा आदेश पाठवा आणि पाचव्या पायरीतली सातही कामं वेळेसह लिहून घ्या. दिवस जानेवारीतला, गड्ड्याच्या यात्रेतला निवडा, जेव्हा अर्धा स्टाफ सुट्टीवर असतो आणि उरलेल्यांचे फोन सायलेंटवर.